हक्क सुटले, रीळ अडकले



फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ 1946 साली आला तेव्हा तिकीटबारीवर फारसा चालला नाही. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क 28 वर्षांचा असे. तो पुढे चालू ठेवायचा तर मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. 1974 साली हा अर्ज करायचा राहून गेला आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. मग गावोगावच्या टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळात विनामूल्य दाखवायला सुरुवात केली. पडलेला चित्रपट वीस वर्षांत घराघरांतला झाला. 1993 मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने मूळ कथेचे आणि संगीताचे हक्क पुढे करून हे मोकळे प्रदर्शन थांबवले.

ही हकिगत सांगून बरेच जण म्हणतात, हक्क सुटला की कलाकृती तरते. मला ते अर्धेच पटते. कायदा मोकळी करतो ती कृती. आपण पडद्यावर पाहतो ती असते प्रत. चांगली प्रत ज्याच्या कपाटात आहे, त्याच्यावर ती बाहेर काढण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चेच घ्या. जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गजवळ, तुटपुंज्या पैशांत, कृष्णधवल फिल्मवर तो चित्रित केला. 1968 मध्ये प्रदर्शनाच्या वेळी वितरकाने नाव बदलले आणि नव्या शीर्षकाच्या चौकटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली. तेव्हा ही ओळ नसली की हक्कच उरत नसे. पुढे ज्याच्या हाती जी प्रत लागली, त्याने तिच्यावरून कॅसेट काढली आणि त्या कॅसेटवरून दुसऱ्याने. काळा भाग चिखलासारखा, पांढरा भाग जळलेला, कडेची माणसे कापलेली. दोन पिढ्यांना वाटत राहिले की चित्रपटच असा गढूळ आहे. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि फिल्म फाउंडेशनने तो 2016 मध्ये नव्याने उभा केला, तेव्हा छायाचित्रणातले बारकावे दिसू लागले. जवळजवळ अर्धशतक हा चित्रपट सर्वांचा होता आणि तरीही धडपणे कुणाला दिसत नव्हता.

कार्टूनपटांची गत याहून वाईट, आणि त्यावर मला जरा थांबायचे आहे. मुलांची करमणूक म्हणून त्यांच्याकडे गांभीर्याने पाहिलेच गेले नाही. न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंनी 1936 साली पॉपाय आणि सिंदबादचा रंगीत लघुपट केला. पार्श्वभूमीसाठी त्यांनी खरोखरचे छोटे देखावे उभारले, ते फिरत्या चौथऱ्यावर ठेवले आणि त्यांच्यापुढे काचेत चित्र धरून एकेक चौकट टिपली. पॉपाय चालू लागला की मागच्या गुहेला खरी खोली येते. 1950च्या दशकात फ्लायशरांचे पट टीव्हीसाठी विकले गेले. नव्या मालकांनी सुरुवातीची मूळ शीर्षके काढून आपली चिन्हे चिकटवली आणि 16 मिलिमीटरच्या स्वस्त प्रती काढल्या. त्या काळच्या रंगीत फिल्मचे रंग विटत जातात. आधी निळा आणि हिरवा जातो, शेवटी सगळे गुलाबी उरते. सार्वजनिक मालकीतली कार्टूने म्हणून पुढे बाजारात आल्या त्या याच गुलाबी प्रती.

आता असे रीळ दुरुस्तीला आले की काय होते? आधी भोके तपासायची, फाटलेली जोडायची. आक्रसलेली फिल्म जुन्या दात्यांच्या यंत्रावर चढवली तर तुटते, म्हणून स्कॅनर मवाळ हवा. सात मिनिटांचे कार्टून म्हणजे सेकंदाला 24 याप्रमाणे दहा हजारांवर चौकटी. त्या स्वच्छ करायला संगणक असतो. तो मागची आणि पुढची चौकट ताडून पाहतो आणि जे एकाच चौकटीत आहे ते कचरा समजून पुसतो. माणसांच्या चित्रपटात हे बरेचसे खपते. कार्टूनमध्ये मात्र वेगाने फिरलेल्या हाताची शाईची रेघ कित्येकदा एकाच चौकटीत असते. यंत्र ती रेघही पुसते. नामांकित कार्टूनांच्याही काही डीव्हीडींवर अशा अर्धवट खाल्लेल्या बाह्यरेषा मी पाहिल्या आहेत. त्या पाहून जीव तुटतो, कारण त्या रेषेसाठीच तर चित्रकार रात्री जागला होता.

हाताने काम करणारा माणूस वेगळा विचार करतो. कार्टूनमध्ये पुष्कळदा एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींसाठी टिपलेले असते. एका चौकटीवर ओरखडा असेल तर तेवढा तुकडा जुळ्या चौकटीतून घेता येतो, कल्पनेने काही रंगवावे लागत नाही. आणि धुळीचा कण दोन्ही चौकटींत त्याच जागी असेल, तर तो बहुधा फिल्मवर पडलेला नाही. चित्रीकरणाच्या वेळी चित्र काढलेल्या पारदर्शक तावावरच तो बसलेला होता. तो काढायचा का? माझे मत स्पष्ट आहे: काढू नये. 1936 च्या प्रेक्षकाने तो कण पाहिला होता. आपले काम काळाने केलेली हानी दूर करण्याचे आहे, मूळ कारागिरांचे काम सुधारण्याचे नाही.

अशी माणसे मोठ्या कंपन्यांतच असतात असे नाही. व्हॅन ब्यूरेन हा न्यूयॉर्कचा स्टुडिओ वितरक डिस्नेकडे वळल्यामुळे 1936 मध्ये बंद पडला. त्याच्या कार्टूनांना वालीच उरला नाही. ती संग्राहकांकडून मिळवून, नीट करून लोकांपुढे आणण्याचे बरेचसे काम थंडरबीन नावाच्या एका लहानशा प्रकाशनाने केले आहे. हौस आणि चिकाटी यांवर चाललेला हा व्यवहार मला फार मोलाचा वाटतो.

मोकळ्या झालेल्या चित्रपटांच्या वाटपाबद्दल एक भीती नेहमी बोलून दाखवली जाते: फुकट दिले तर विकत कोण घेईल? रिक प्रेलिंगर यांनी 1980च्या दशकापासून शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी काढलेले, लोकांनी टाकून दिलेले चित्रपट गोळा केले. तो संग्रह 2002 साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. त्यातले हजारो चित्रपट इंटरनेट आर्काइव्हवर कुणालाही उतरवून घेता येतात, आणि त्यांतली दृश्ये व्यावसायिक वापरासाठी विकणेही चालूच राहिले.

आपल्याकडे काय? 1957 च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो. ‘श्यामची आई’ 1953 चा, म्हणजे चित्रपट म्हणून त्याची मुदत 2013 अखेर संपली. लेखनाची आणि संगीताची मुदत मात्र कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. मूळ कादंबरीचे लेखक साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून कादंबरीही मोकळी झाली. पण पटकथा आचार्य अत्र्यांची, आणि ते 1969 मध्ये गेले, म्हणजे लेखनाचा हक्क 2029 अखेरपर्यंत. संगीतकार वसंत देसाई 1975 मध्ये गेले, त्यांच्या संगीताची मुदत आणखी पुढे. काप्रांच्या चित्रपटाला 1993 मध्ये जी अडचण आली, तीच इथे वेगळ्या वाटेने येते. म्हणून जुना मराठी चित्रपट दिसला तर तो यूट्यूबवर चढवण्याआधी हे धागे एकेक करून तपासावे लागतात. हे काम वकिलांवर सोडून भागणार नाही. विद्यापीठांनी प्रत्येक जुन्या मराठी चित्रपटाची अशी हक्कनोंद तयार करून छापली पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी आग्रहाने मांडतो. सार्वजनिक पैशांतून एखादा मुदत संपलेला चित्रपट दुरुस्त झाला, तर त्याची उत्तम प्रत जनतेला मिळाली पाहिजे. महोत्सवात एकदा दाखवून ती पुन्हा तळघरात जाता कामा नये. सोबत दोन पानांची टीप असावी: कोणत्या रिळावरून घेतले, कुठे तुकडा गहाळ आहे, रंग कशाच्या आधाराने ठरवले.

मात्र हे सगळे रीळ असेल तर. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली निघाले, तोवर मूकपटांचा बहुतेक खजिना गेलेला होता. फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो, कारण संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी त्याचे तुकडे शोधून जुळवले. जानेवारी 2003 मध्ये त्याच संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जमवलेल्यातलेही पुष्कळ गेले.

तेव्हा, श्रोतेहो, आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या सामानात, आजोबांच्या पेटीत गोल पत्र्याचा डबा असेल, तर तो भंगारात घालू नका. रीळ प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका, उलगडूही नका. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजू लागली आहे असे समजा आणि डबा इतर डब्यांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. फिल्म 1950च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट भडकन पेटते, म्हणून आसपास विडी-काडी नको. डब्यावर चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढा, ती खरवडू नका. आणि मग लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाला कळवा.