सायकलवर मुक्कामाला जायचं तर

आपल्या हसनाबाद भागातून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्या बाया कमी नाहीत. अंगारकीला तर रस्ता माणसांनी भरून जातो. मग सायकलवर जावं, एक रात्र मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी परत यावं, असं कुण्या गटाच्या मनात आलं तर काय तयारी लागेल, ते आज बोलू. पंढरीच्या दिंडीत आपला बोजा ट्रकमध्ये असतो. इथं अंथरूण, पाणी, भाकरी सगळं आपल्याच पायांनी ओढायचं असतं. सगळा फरक तिथंच पडतो.

बायांनी सायकलवर जायचं म्हटलं की हसणारे हसतील. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवली गेली. तेव्हा शीला राणी चुंकत तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, अशा लाखावर बाया शिकल्या. त्यांच्यावरही लोक हसलेच होते. आणि आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला फेरी घातली. बराचसा प्रवास एकटीनं, सामान सायकललाच बांधून. आपल्याला तर एकच रात्र काढायची आहे.

आधी दिवस ठरवा. अंगारकी नको, त्या दिवशी गर्दी आणि गाड्या फार. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, पुढं तूर. संक्रांत झाली की गहू-हरभरा काढणीला येईपर्यंत थोडी उसंत मिळते. तेव्हा ऊनही सोसतं. मात्र पहाटेची थंडी बोचते, म्हणून घोंगडी किंवा जाड चादर घ्याच.

सायकल बहुतेक घरी आहे, मुलीची. मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी मिळालेली. तिची शाळा बुडणार नाही अशा दिवशी ती मागून घ्या. सीट मात्र तिच्या मापाची असेल, ती आपल्या मापाची करा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली तर गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो! ब्रेकचे रबर झिजलेत का पाहा. तेल चेनला घाला, रिमला लागू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही. साडीचा पदर, ओढणी घट्ट खोचा. चेनकव्हर नसेल तर बसवून घ्या.

आता बोजा. डोक्यावर भारा घेणारीला वाटतं, कॅरिअरवर कितीही रचता येईल. उंच रचलेला बोजा वळणावर सायकल पाडतो. खताच्या रिकाम्या पोत्यांच्या दोन पिशव्या शिवा आणि बैलाच्या पाठीवर गोणी टाकतात तशा कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सोडा. जड सामान खाली, दोन्हीकडे सारखं. दोरीचं टोक लोंबतं ठेवू नका, ते चाकात जातं. स्वयंपाकाची भांडी घरीच ठेवा; दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. वाटेत लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपली जुनी खोड. ती इथं महागात पडेल. पाणी भरपूर घ्या आणि थांबायच्या जागा आधीच ठरवा. पाळीचे कपडे प्रत्येकीनं जवळ ठेवावेत, तारीख असो वा नसो.

गटात एक हवेचा पंप, सोल्युशन, रबराचे तुकडे, घासपेपर आणि आपल्या मापाची एक ट्यूब हवी. बाभळीचा काटा कुणाला सोडत नाही. पंक्चर काढायला दोघींनी तरी दुकानात बसून शिकावं.

आणि सराव. तीन रविवार, पहिल्यांदा 5 किलोमीटर, मग 10, मग 15, तेही बोजा बांधून. जी सगळ्यांत हळू चालवते तिला पुढं ठेवा. तिचा वेग तोच गटाचा वेग. मागं ठेवलं तर ती ताण घेऊन दमते आणि पुन्हा येत नाही.

रात्रीची जागा दिवसा ठरलेली पाहिजे. उघड्या रानात, नदीच्या पात्रात, उसाजवळ नको. शाळेचं पटांगण किंवा देवळाची ओसरी मागा. सरपंच किंवा पोलीस पाटलांना चार दिवस आधी सांगा, संडास कुठं आहे ते विचारा. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कधी कधी कळतही नाही. थंडीत साप कमी, तरी हे करायचंच. पहाटे कुणाचं पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या तर कापणं-बांधणं, मांत्रिक काही नको; थेट सरकारी दवाखाना गाठा. अडचणीला 112 नंबर आहेच.

घरी विचारायचं कसं, हा खरा घाट. नुसतं "जाऊ का?" विचारलं की "नको" येतं. कागदावर लिहून न्या: कोण कोण, कुठल्या रस्त्यानं, रात्री कुठं, कुणाचा फोन चालू राहील, म्हशीची धार कोण काढेल. सासूबाईंना आधी सांगा, मालकांना नंतर. धारेचं एकदा ठरलं की निम्मं बोलणं तिथंच मिटतं.

येत्या बैठकीत सायकली घेऊनच या. कुणाची सीट कितीची, कुणाची ट्यूब कोणत्या मापाची, हे वहीत लिहून टाकू.