कागद नसलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश

अठरा वर्षांची एक मुलगी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभी आहे, असे क्षणभर कल्पावे. आई हयात नाही, वडिलांशी संबंध राहिलेला नाही, दोन वर्षांत तिने तीन घरे बदलली आहेत. तिला शिकावयाचे आहे. खिडकीपलीकडील लिपिक तिच्याकडे तीन गोष्टी मागतो : रहिवासाचा पुरावा, पालकाची सही आणि पालकाच्या उत्पन्नाचा दाखला. लिपिक दुष्ट नाही; नियमात जे लिहिले आहे तेच तो मागत आहे. "उद्या आणते," असे म्हणून मुलगी निघून जाते आणि पुन्हा येत नाही. तिला प्रवेश नाकारल्याची नोंद कोठेही होत नाही, कारण तिला कोणी नाकारलेलेच नसते.

विशेष परिस्थितीतील विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा प्रश्न हा असा नोंदीबाहेरचा प्रश्न आहे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी त्याला कसे तोंड दिले, हे पाहणे या दृष्टीने उद्बोधक ठरेल. 'येईल त्याला प्रवेश' हे तत्त्व या संस्थांनी उघडपणे स्वीकारलेले आहे. आणि तरीही खिडकीवरचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.

या संस्थांचा उगम अगदी साधा होता. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली माध्यमिक शाळेच्याच आश्रयाने अवघ्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी महाविद्यालये देशभर निघावीत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहद् आराखड्यात तर उच्च शिक्षणाची वाटणीच करून टाकली : माध्यमिक शाळेतील पहिल्या अष्टमांशात येणारे विद्यार्थी राज्य विद्यापीठात, पहिल्या तृतीयांशातील राज्य महाविद्यालयात, आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा प्रत्येकास कम्युनिटी कॉलेजात स्थान. आज त्या राज्यात अशी ११६ महाविद्यालये असून त्यांत सुमारे वीस लाख विद्यार्थी शिकतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस, तिच्याजवळ माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नसले तरी, तेथे प्रवेश मिळू शकतो.

मग अडचण कोठे आली? ती प्रवेशात आली नाही, प्रवेशानंतरच्या शुल्कात आली. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशास २०१२ पासून दर श्रेयांकास ४६ डॉलर शुल्क पडते. बाहेरच्या विद्यार्थ्यास त्याच्या कित्येक पट भरावे लागते. रहिवासी कोण, तर सत्रारंभाच्या ठरावीक दिवसापूर्वी किमान एक वर्ष व एक दिवस राज्यात राहिलेला आणि तेथेच राहण्याचा हेतू असलेला. आता हेतू दाखवावयाचा तो कागदांनीच : भाडेपावती, करपत्र, वाहनपरवाना. ज्याच्या नावावर घर नाही, ज्याने कर भरण्याइतके कधी मिळविले नाही, त्याने आपला हेतू कशाने दाखवावा? दार सताड उघडे, आणि उंबऱ्यावर मात्र हिशेबाची वही, अशी ही अवस्था होती.

यातून तेथे जे मार्ग निघाले, त्यांतील पहिला म्हणजे कागदाऐवजी विद्यार्थ्याचा लेखी शब्द ग्राह्य धरणे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की जो विद्यार्थी राज्यातील माध्यमिक शाळेत तीन वर्षे शिकला व तेथून उत्तीर्ण झाला, त्यास परराज्याचे शुल्क लावू नये. स्थलांतरितांच्या ज्या मुलांजवळ वास्तव्याची अधिकृत परवानगी नव्हती, त्यांनी केवळ एक प्रतिज्ञापत्र द्यावयाचे होते : पात्र होताच आपण रीतसर अर्ज करू. २०१७ मध्ये हा नियम आणखी सैल करून कम्युनिटी कॉलेज व प्रौढशाळा यांत घालविलेली वर्षेही त्यात धरण्यात आली. या कायद्यावरून वाद पुष्कळ झाले. टेक्सासने २००१ मध्येच केलेला अशाच स्वरूपाचा कायदा जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबविण्यात आला. वादाची राजकीय बाजू येथे प्रस्तुत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच, की शाळेच्या हजेरीपटाने घरभाड्याच्या पावतीची जागा घेतली. मूल कोठले, हे शाळेला ठाऊक असते.

पालकांच्या कागदांचा प्रश्न याहून बिकट होता. अमेरिकेत केंद्र शासनाच्या आर्थिक साहाय्यासाठी चोवीस वर्षांखालील विद्यार्थी सामान्यतः पालकांवर अवलंबून आहे असे मानले जाते, व पालकांच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते. ज्याच्या पालकांचा पत्ताच नाही, त्यालाही हा नियम दीर्घकाळ लागू होत असे. पालक आपल्याला विचारत नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी त्याच पालकांना शोधून काढण्याची पाळी विद्यार्थ्यावर येई! २००७ च्या कायद्याने वयाच्या तेराव्या वर्षानंतर अनाथ झालेली वा परक्या कुटुंबात शासकीय व्यवस्थेने वाढलेली मुले, तसेच एकाकी बेघर मुले यांना स्वतंत्र मानण्यास आरंभ झाला. २०२० मध्ये संमत होऊन २०२४-२५ या वर्षापासून अमलात आलेल्या सुधारणेने आणखी एक पाऊल टाकले. आपली परिस्थिती अपवादात्मक आहे असे विद्यार्थ्याने अर्जात नमूद केले, की त्यास तात्पुरते स्वतंत्र मानून अर्ज पुढे जाऊ दिला जातो. छाननी महाविद्यालय मागाहून करते. प्रारंभीच्या मुलीची गोष्ट आठवली तर या क्रमाचे महत्त्व ध्यानी येईल. आधी पुरावा व मग अर्ज, या क्रमात ती घरी परतली असती. आधी अर्ज व मग पुरावा, या क्रमात ती वर्गात बसलेली असते आणि कागद मिळविण्यास तिला उसंत मिळते.

तिसरा मार्ग दिसावयास किरकोळ आहे. वस्तुतः तोच सर्वांत उपयोगी म्हणावा लागेल. २०१६ च्या एका कायद्याने कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांवर बंधन घालण्यात आले, की बेघर व पालक-छत्र हरपलेल्या विद्यार्थ्यांसाठी कर्मचाऱ्यांपैकी एकाची संपर्क-अधिकारी म्हणून नेमणूक करावी. तत्पूर्वी सवलती नव्हत्या असे नाही. शुल्कमाफी होती, विषयनोंदणीत अग्रक्रम होता. परंतु प्रत्येक सवलत निराळ्या टेबलावर, आणि प्रत्येक टेबलावर आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावयाची! अठरा वर्षांच्या मुलास ती एकदा सांगणेही जड जाते. एकच व्यक्ती नेमल्याने कहाणी एकदाच सांगावी लागते, हा या योजनेचा खरा लाभ होय.

दिव्यांग विद्यार्थ्यांबाबत मात्र उलटी खबरदारी घेण्यात आली. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ व त्याखालील नियमांनुसार प्रवेशापूर्वी विद्यार्थ्यास त्याच्या व्यंगाविषयी सामान्यतः विचारताच येत नाही. प्रवेश झाल्यावर त्याने स्वतः मागणी केली, की लेखनिक, वाढीव वेळ, ध्वनिमुद्रित पुस्तके यांची सोय करावयाची. कोणता प्रश्न विचारू नये, हेही प्रवेशपद्धतीत लिहून ठेवावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. अठरा वर्षांखालील शाळकरी विद्यार्थ्यांस पालकांची संमती व मुख्याध्यापकांची शिफारस लागते. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

उघड्या दाराचा गैरफायदा घेतला गेला नाही, असे नव्हे. कोविड महामारीत वर्ग दूरस्थ झाल्यानंतर कॅलिफोर्नियात बनावट नावांनी संगणकाद्वारे मोठ्या संख्येने अर्ज आले. साहाय्याची रक्कम उचलून हे 'विद्यार्थी' अदृश्य होत. खऱ्या विद्यार्थ्यांच्या जागा त्यामुळे अडल्या आणि ओळख पटविण्याचे नियम कडक करावे लागले. पण नियम कडक झाले की त्याची झळ प्रथम बेघर विद्यार्थ्यास पोहोचते. भामट्याजवळ कागद तयार असतात. हा पेच तेथे अद्याप सुटलेला नाही, आणि तो सोपा आहे असे मानणेही बरोबर होणार नाही.

महाराष्ट्रात याच दिशेची तत्त्वे अपरिचित नाहीत. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून बालकास प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेत जाताना दाखला मिळण्यास विलंब झाला, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. तथापि हे संरक्षण सहा ते चौदा या वयोगटापुरते आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या द्वारे बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पदवीची वाट खुली केली. २०१५ मध्ये राज्य शासनाने अनेक कामांत मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरील स्वयंघोषणापत्र स्वीकारण्याचा निर्णय घेतला. २०१८ मध्ये अनाथ मुलांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आले. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवे, आणि जे मूल संस्थेत न वाढता आत्या-मावशीकडे वाढले, त्याच्या प्रमाणपत्रासाठी कोणी धावपळ करावयाची, हा प्रश्न गावातच सोडवावा लागतो.

शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी राज्य मंडळाची सतरा नंबरच्या अर्जाची सोय आहे. त्यास शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नसल्यास द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र चालते. म्हणजे वाट आहे. परंतु ती द्वितीय प्रत देणारे मुख्याध्यापक, रहिवासाची खातरजमा करणारे ग्रामपंचायत अधिकारी आणि कोणता कागद कोठे मिळतो हे ठाऊक असणारा पंचायतीचा एखादा सदस्य, अशी तीन माणसे तीन ठिकाणी असतात. मंडळाची मुदत संपण्यापूर्वी त्या तिघांकडे पोहोचण्याचे काम सध्या त्या मुलीलाच करावे लागते, तेही बहुधा रोजंदारी बुडवून. ग्रामसभेपुढे दरवर्षी शाळाबाह्य बालकांचा विषय येतो. चौदा वर्षांपुढील ज्या मुलामुलींची शाळा कागदाअभावी थांबली आहे, त्यांची नावे त्याच बैठकीत, त्याच वहीत, आणखी एका पानावर लिहून घेता येतील.