हौदात पाणी किती?

भिवंडीचा यंत्रमागवाला सुताचा नुसता भाव ऐकून थांबत नाही. माल किती शिल्लक आहे, हेही विचारतो. आभासी चलनाच्या बाजारातही हीच रीत हवी.

२०१८ साली सुरू झालेल्या 'युनिस्वॅप'सारख्या बाजारात दलाल नसतो; सामाईक हौद असतो. त्यात एकीकडे नाणी, दुसरीकडे पैसा. अडत सोडली, तर देवघेवीनंतरही दोहोंचा गुणाकार कायम राहतो.

शिक्षक मित्रांनी हे गणित फळ्यावर मांडावे. सोयीसाठी रुपये धरू. एका हौदात १०० नाणी आणि १०,००० रुपये; दुसऱ्यात २० नाणी आणि २,००० रुपये. भाव दोन्हीकडे शंभरच. आता १० नाणी घ्या. पहिल्या हौदात सुमारे १,१११ रुपये पडतील. दुसऱ्यात मात्र २,०००!

'गेकोटर्मिनल' हे साधन अशा हौदांतला साठा आणि चोवीस तासांतली उलाढाल मोबाइलवर दाखवते. पण आज दिसणारा साठा, बांधून ठेवलेला नसेल, तर घालणारा उद्या काढूनही नेतो. मग हातातली नाणी विकायची कोणाला?

तेव्हा कोणी म्हणाले, "भाव चढतोय, लवकर घ्या," तर एवढेच विचारा: हौदात पाणी किती, आणि ते कोणाचे? उत्तर मिळेपर्यंत पैसा गाठीलाच बरा.