जीपचं अ‍ॅव्हरेज आणि क्राउन-पिनियनचं गणित

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. आपल्या संभाजीनगरात जुन्या जीपा जपणारे बरेच जण आहेत. कुणाची वडिलांची गाडी, कुणी शेतातून ओढून आणून उभी केलेली. आणि या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: "समृद्धीवर गाडी नेली की टाकी डोळ्यादेखत रिकामी होते. क्राउन-पिनियन बदलून टाकू का?" काम खर्चाचं आहे, आणि मागचा हाउसिंग एकदा उघडला की परत मूळ जागी येणं सोपं नसतं. म्हणून आधी आकडे मांडू.

उदाहरणाला उंच बॉनेटची सीजे-३बी घेऊ. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती. बॉनेट उंच का, तर खाली एफ-हेड हरिकेन इंजिन बसवायचं होतं. साधारण २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, आणि त्याचा सगळ्यात चांगला ओढा मिळतो २००० आरपीएमला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या जीपचं अ‍ॅक्सल रेशो ५.३८. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. टॉप गिअर सरळ एकास एक, त्यामुळे शाफ्ट फिरतो तेवढंच इंजिन फिरतं.

सहाशे-सोळाचं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. ताशी ६० ने चाललात तर मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ४५५ फेरे. गुणिले ५.३८, इंजिन सुमारे २४५०. इथवर ठीक आहे, इंजिन खुशीत आहे. आता ८० करा. इंजिन जातं ३२६० वर. या इंजिनाचा स्ट्रोक लांब, १११ मिलिमीटर. ३२६० ला पिस्टन सरासरी सेकंदाला १२ मीटरने वरखाली धावतो. आवाजच सांगतो की गाडी कळवळतेय.

जास्त आरपीएमला पेट्रोल जास्त का जातं? कारण प्रत्येक फेऱ्याला पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप, वॉटर पंप या सगळ्यांचं घर्षण द्यावं लागतं, गाडीला ताकद लागो न लागो. त्यात पेट्रोल इंजिनला आणखी एक भुर्दंड आहे. थ्रॉटल अर्धवट बंद असताना इंजिन हवा ओढायला धडपडतं, आणि तेवढ्यातही ताकद वाया जाते. डिझेलला थ्रॉटलचा हा त्रास नाही. म्हणून आपल्या प्यूजो इंजिनाच्या एमएम ५४० वाल्यांनी पेट्रोलवाल्याच्या फायद्याचे आकडे ऐकून हुरळून जाऊ नये.

आता समजा ५.३८ काढून ४.२७ बसवलं. ८० च्या स्पीडला ३२६० चे २५९० झाले. एकदम सहाशे-सातशे आरपीएम कमी. कागदावर फार छान दिसतं.

पण कागदावर हवा नसते. जीप म्हणजे चालतं कपाट आहे हो! समोरची काच उभी, बाजू उघड्या, टप फडफडतोय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० केलं की दर किलोमीटरला हवा ढकलायचं काम दीडपटीहून जास्त होतं. हे काम इंजिन २५०० ला फिरून करो नाहीतर ३५०० ला, ते करावंच लागतं. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून जीपने मागे का राहावं, असं ज्याला वाटतं त्याचं इंधन आधी वाऱ्यात जातं, मग घर्षणात. क्राउन-पिनियन यातला फक्त दुसरा भाग थोडा कमी करतं.

चढाचंही तसंच. दीड टनाची गाडी १०० मीटर उंच चढवायला, इंजिनाने इंधनातली पाव ऊर्जा कामाला लावली असं धरलं तर, सुमारे १६० मिलिलिटर डिझेल लागतं. कन्नडचा औट्रम घाट असो की म्हैसमाळ, हा हिशेब कुठलंही रेशो टाळू शकत नाही. उलट लांब रेशो घातलेली गाडी घाटात टॉपमध्ये गुदमरते. मग तुम्ही एक गिअर उतरता आणि आरपीएम परत होता तिथे. मग खर्च केला कशाला?

आता खरी गोम, जी वर्कशॉपमध्ये कुणी फारसं बोलत नाही. फोर बाय फोर कशासाठी घेतली? जून-जुलैत आपल्या काळ्या मातीत उतरून बघा. तिथे लागतो लो-लोचा रेशो. सीजे-३बीमध्ये पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. तिन्हींचा गुणाकार साधारण ३७. म्हणजे १००० आरपीएमला गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने सरकते, माणसाच्या चालीने. ४.२७ घातलं की गुणाकार २९ वर येतो आणि तोच वेग साडेचार होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दगडावर चाक टेकवून हळूच उतरवताना हा किलोमीटर क्लच जाळतो. शिवाय पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलून फोर बाय फोर टाकलीत तर दोन शाफ्ट एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी रस्त्यावरही धावते आणि रानातही जाते, तर अ‍ॅक्सलला हात लावू नका. ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा डबा बघा. पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असला की तेच ३२६० चे २६०० होतात, जवळपास ४.२७ इतकेच. आणि खालचे गिअर, लो रेंज सगळं शाबूत. गाडी फक्त शहरात आणि हायवेलाच फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे क्राउन-पिनियन बदलायला माझी हरकत नाही.

नव्या थारवाल्यांचा प्रश्न उलटा आहे. त्यांच्याकडे सहा गिअर आधीच आहेत, पण ते मोठे टायर घालतात. २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, ३३ इंचीचा ८३८. म्हणजे गिअरिंग आठ टक्क्यांनी लांब झालं. पण ओडोमीटरला हे माहीत नाही! तो १०० दाखवतो तेव्हा गाडी १०८ चाललेली असते. त्यामुळे मीटरवर अ‍ॅव्हरेज १२ निघालं तर खरं १३ आहे. "टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज पडलं" या तक्रारीतला काही भाग नुसता मीटरचा असतो. उरलेला भाग जड चाकं आणि मड टायरचे ठोकळे खातात, तो खरा.

तुमच्या जीपमध्ये कुठलं रेशो आहे हे माहीत नसेल, आणि हातोहात फिरलेल्या गाड्यांत बहुतेकांना नसतंच, तर मोजता येतं. चारपैकी मागचं एकच चाक जॅकवर उचला. बाकीच्या चाकांना पुढून-मागून भक्कम दगड लावा, कारण पुढची पायरी हँडब्रेक सोडायची आहे. या जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो, तो ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही. गिअर न्यूट्रल. शाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेलं चाक २० वेळा फिरवा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे क्राउन १० वेळाच फिरतो. शाफ्टचे फेरे ५४ च्या आसपास आले तर ५.३८, ४९ आले तर ४.८८, ४३ आले तर ४.२७. लॉकर बसवलेली गाडी असेल तर ही पद्धत चालणार नाही.

आणि पैसे खर्च करायच्या आधी एक चाचणी फुकटात होते. पाच गिअरची जीप असलेला कुणी मित्र असेल तर उत्तम. जालना रोडला, सकाळी वारा नसताना, टाकी काठोकाठ भरून ६० च्या स्थिर वेगाने पाचव्यात जालन्यापर्यंत जा आणि या. अंतर मोबाइलच्या जीपीएसवर मोजा. त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत भरा. दुसऱ्या दिवशी हेच चौथ्यात करा. वेग तोच, हवा तीच, रस्ता तोच, फक्त इंजिन पाव पट जास्त फिरलं. दोन्ही दिवसांच्या लिटरमधला जो फरक येईल, साधारण तेवढाच क्राउन-पिनियन बदलून तुमच्या पदरात पडणार आहे. त्याला तुमच्या वर्षाच्या किलोमीटरने गुणा आणि मेकॅनिकने सांगितलेल्या आकड्याशेजारी ठेवा.