येळवशीची पहिली भज्जी



मार्गशीर्ष अमावस्या जवळ आली की अंबाजोगाई-परळीकडच्या शिवारात येळवशीची लगबग सुरू होते. लातूर-धाराशिवात तर हा वर्षातला मोठा सण. शेतात कडब्याची कोप उभारायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून पुजायचे आणि रानातच पंगत मांडायची. आज मला बोलायचं आहे ते यंदा पहिल्यांदाच भज्जीचं पातेलं चुलीवर चढवणाऱ्यांशी. मग ती नवी सून असो की शिकून गावी परतलेला मुलगा.

जाणत्या बाईला प्रमाण विचारलं की ती म्हणते, "अंदाजानं टाक." तिचा अंदाज खराच असतो, पण त्यात एक क्रम असतो आणि तो सांगायचा राहून जातो. भज्जी बिघडते ती क्रम चुकल्यामुळे. मीठ-मिरची कमी-जास्त झाली तर सावरता येते.

सुरुवात आदल्या दिवशी करा. तूर, वाटाणा, पावटा, हरभरा यांच्या शेंगा आणि घाटे सोलले की निम्म्याहून कमी वजनाचे दाणे हाती येतात, तेव्हा आणताना तसा हिशोब धरा. दहा माणसांना किलोभर सोललेले दाणे, तेवढीच निवडलेली पालेभाजी आणि पाव किलो डाळीचं पीठ पुरतं. पावसानं दगा दिलेल्या वर्षी ओले दाणे कमी पडले, तर वाळलेले रात्री भिजत घाला.   

आंबीलही रात्रीच करून ठेवावी. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवा, पूर्ण निवू द्या, मगच ताक घाला. ऊन असताना घातलं तर ताक फाटतं.

आता भज्जी. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची. त्यावर आधी भिजवलेले वाळके दाणे आणि गरम पाणी. ते अर्धे शिजले की ओले दाणे, शेंगदाणे आणि गाजर. दाणा बोटांत धरून दाबा. तो सहज चेपला पाहिजे. तोवर चिंच जवळही आणू नका. आंबटात दाणा शिजायचा थांबतो, मग कितीही जाळ घाला, कडकच राहतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तर तो आधीच उशिरा शिजतो, म्हणून घाई करू नये. चुका हाही आंबटच. तो दाणे मऊ झाल्यावर, मेथी, पालक आणि कांद्याच्या पातीबरोबर घाला.

पीठ थंड पाण्यात कालवा आणि बारीक धारेनं सोडत दुसऱ्या हातानं ढवळत राहा. गरम पाण्यात कालवलं तर गुठळ्या होतात. चिंचेचा कोळ त्यानंतर. मग लाकडं मागे ओढून जाळ कमी करा, कारण पीठ पडल्यावर भज्जी बुडाला धरते आणि तो करपट वास सगळ्या पातेल्यात उतरतो. पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत अर्धा तास तरी सोबत उभं राहा. गरम मसाला घालू नये, असं माझं ठाम मत आहे. कोवळ्या तुरीची, पावट्याची चव वर्षातून थोडेच दिवस मिळते. ती मसाल्याखाली का दडपायची?

भज्जी चुलीवरून थोडी पातळच उतरवा. शेतात पोचेपर्यंत, पूजा होईपर्यंत ती आळते आणि उंड्याबरोबर कालवायला बरोबर होते.

माणसं मोजताना फक्त घरचीच मोजू नका. ज्यांना शेत नाही अशा शेजाऱ्यांना, गावातल्या ओळखीच्यांना या दिवशी रानात बोलवायची रीत आहे. त्यांच्या वाटचे दाणे आधीच सोलून ठेवा. भज्जी उरली तर दुसऱ्या दिवशी वाटीभर गरम पाणी घालून खळखळ उकळा, मगच वाढा.