विजापूरकडील केतकर आणि त्यांचा ‘ब्रह्मा’
(मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. आकाशाविषयी बोलायला उभी राहिले याचे तुम्हांला नवल वाटेल. पण पंचांग आपण सगळ्याच चाळतो, आणि ज्या गृहस्थांविषयी सांगणार आहे त्यांचे आयुष्य पंचांग सुधारण्यात गेले. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म १८५४, नरगुंदचा. पेशा शाळामास्तरचा, वास्तव्य विजापूर-बागलकोटकडे.

त्या काळी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून करीत. ग्रंथ १५२० चा, आपल्या कोकणातल्या नांदगावचा. गणित सोपे, म्हणून घरोघर चालला. पण बारीकशी चूक चारशे वर्षे साचत गेली. पंचांगात ग्रह एकीकडे, आकाशात दुसरीकडे! दोन पंचांगांची तिथी जुळली नाही की एकाच घरात उपास दोन दिवस होतात. हा प्रश्न नुसता शास्त्र्यांचा आहे का, ते साबुदाणा दोनदा भिजवणारीला विचारा.

केतकरांनी युरोपातले नवे गणित घेऊन संस्कृतात ‘ज्योतिर्गणित’ रचले. आकडा आकाशाशी जुळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

पुढची गोष्ट मला फार आवडते. गुरूचे तीन चंद्र एकमेकांशी ठरावीक प्रमाण राखून फिरतात. तसाच मेळ दूरच्या ग्रहांत असावा, असे केतकरांनी धरले. युरेनसच्या फेरीला ८४ वर्षे, नेपच्यूनच्या १६५; मग पलीकडे आणखी कोणी असेल तर? कागदावर उत्तर निघाले सुमारे २४२ वर्षे. त्या न पाहिलेल्या ग्रहाला त्यांनी ‘ब्रह्मा’ म्हटले आणि १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत ते छापून आले.

१९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. हा शेतकऱ्याचा मुलगा, तोवर कॉलेजात गेलेला नव्हता. रात्री आकाशाचे फोटो घ्यायचे आणि दोन रात्रींच्या काचा ताडून हललेला ठिपका हुडकायचा, हे त्याचे काम. त्यातच त्याला पुष्कळ लघुग्रह आणि एक धूमकेतूही मिळाला. प्लूटोची फेरी निघाली २४८ वर्षांची! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले.

आता खरे तेही सांगते. प्लूटो फार लहान ठरला, २००६ मध्ये त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले, आणि आकडे जवळ आले तो योगायोगच असे जाणकार मानतात. मला त्याने केतकर लहान वाटत नाहीत.

प्लूटो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण गुरूचे चंद्र साध्या दुर्बिणीतूनही दिसतात. कारखान्यांच्या दिव्यांपासून जरा तुंगारेश्वराच्या बाजूला सरकून बघा.