सरकारवरच्या दाव्यातील चुका
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आजच्या दिवशी मी कायद्याचा विषय काढला म्हणून कोणी कंटाळू नये. आपल्या शहाडातल्याच एक विधवा बाई परवा डोळ्यांत पाणी आणून विचारीत होत्या, "ताई, रस्त्यात गेलेल्या जागेबद्दल सरकारला नोटीस दिली, पण तीत यजमानांचे नाव चुकले. आता आमचा दावा बुडाला का हो?" त्यांना दिलेले उत्तर सर्वांच्याच उपयोगी पडेल.

राज्य सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८० वे कलम तसे सांगते. सरकारने विचार करावा आणि जमल्यास तंटा कोर्टाबाहेर मिटवावा, हा त्यातला हेतू.

पूर्वी हा नियम फार कडक होता. मालेगावात १९२१ साली दंगल झाली. त्यानंतर रहिवाशांवर बसवलेल्या आकाराविरुद्ध भागचंद दगडूसा यांनी दावा लावला, पण दोन महिने पुरे होण्याआधीच! प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९२७ साली निकाल लागला, की या नियमाला सवलत नाही.

पुढे १९७६ साली कायदा दुरुस्त झाला. आता नोटिशीतील किरकोळ चुकीसाठी दावा फेटाळता येत नाही. मात्र नोटीस देणारा कोण हे ओळखू यावे, तक्रार काय व मागणी काय हे मुख्यतः कळावे, आणि नोटीस योग्य कचेरीत पोचलेली असावी. योग्य कचेरी म्हणजे सरकारच्या सचिवांची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची, आपल्याला ठाण्याची. गावातल्या साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला म्हणजे झाले, असे समजू नये.

घर पाडण्याची वेळ आली असे तातडीचे काम असेल, तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीवाचूनही दावा लावता येतो. पण सरकारला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्ट हुकूम देत नाही. तातडी पटली नाही तर दावा परत मिळतो. मग नोटीस देऊन तो पुन्हा लावावा.

दाव्याच्या कागदातही चुका होतात. प्रतिवादी म्हणून 'महाराष्ट्र राज्य' लिहावयाचे, तेथे एखाद्या अधिकाऱ्याचेच नाव पडते. रकमेचा आकडा कमी लागतो, स्टँप अपुरा पडतो. यांतील पुष्कळ चुका कोर्टाच्या परवानगीने सुधारता येतात. स्टँपासाठी कोर्ट मुदत देते. पण सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणे अवघड जाते. म्हणून चूक दिसताच वकिलांना सांगावे, लाजू नये.

एक चूक मात्र सहसा सुधारत नाही, ती म्हणजे उशीर. दाव्याची मुदत टळली की खरा हक्कही कोर्टात लंगडा पडतो. नोटिशीचे दोन महिने त्या मुदतीत धरत नाहीत, एवढाच दिलासा.

तेव्हा नोटिशीची नक्कल आणि पोच दागिन्यांइतकी जपा. त्या बाईंच्या नोटिशीत त्यांचे स्वतःचे नाव, पत्ता, जागेचा सर्व्हे नंबर आणि मागणी बरोबर होती. ठाण्याची पोचही हाती होती. आता त्या डोळे पुसून दोन महिने मोजीत आहेत.